सटवीचा कोरा कागद

मूल जन्मले की कुठे पाचवी पूजतात, कुठे सहावी. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचे, जवळ एक कोरा कागद आणि लेखणी ठेवायची; रात्री घर निजले की सटवी येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे सारे आयुष्य लिहून जाते, अशी आपल्याकडची समजूत. ‘पाचवीला पुजलेले’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. आणि तो आपण दारिद्र्य नि दुःख यांच्याच बाबतीत वापरतो, सुखाच्या बाबतीत कधी नाही, हीही एक गंमतच! पण या रीतीतली मला शहाणपणाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. सकाळी तो कागद कोराच असतो, आणि त्याची कोणी खंत करीत नाही. लेख लिहिला गेला आहे, पण तो वाचण्याची सोय नाही, एवढे मान्य करून घर पुढच्या कामाला लागते. बाळाला न्हाऊमाखू घालायचे, बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यायचे; उद्याचे उद्या.

आता मात्र अशी वेळ आली आहे की त्या लेखातल्या एकदोन ओळी, अंधुक का होईना, वाचता येऊ लागल्या आहेत. निदान फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत तरी तसे झाले आहे. वाचता येते म्हणून वाचावे का, आणि वाचले तर कोणाला सांगावे, हा प्रश्न आपल्या आज्यांना कधी पडला नाही. आपल्या लेकीसुनांना तो पडतो. मी बालवाडीत शिकवणारी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. वैद्यकातले मला जे काही कळते ते विचारून आणि वाचून कळलेले. परंतु हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच घराचा आहे, आणि घरच्या प्रश्नावर बोलायला पदवी लागत नाही, म्हणून हे धाडस.

प्रथम वाचतात म्हणजे काय करतात ते पाहू. आईच्या पोटातले पूर्ण दिवस म्हणजे चाळीस आठवडे. सदतीसच्या आत जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे, बत्तीसच्या आतले फारच अपुऱ्या दिवसांचे, आणि अठ्ठावीसच्या आतले तर अगदीच अपुरे. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अपुऱ्या दिवसांची जन्मली, आणि त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातली होती. बहुतेक बत्तीस आठवडे ओलांडलेली असतात आणि थोड्या सांभाळाने मार्गी लागतात. प्रश्न येतो तो त्याआधीच्यांचा. ओंजळीत मावेल एवढे ते बाळ काचेच्या पेटीत नळ्यांच्या जाळ्यात निजलेले असते, आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात. त्यांच्या काठाशी नव्या पेशींचा एक थर असतो आणि त्यातल्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. पोटात असते तर बाळाला त्यांची काळजी नव्हती. पुढच्या आठवड्यांत तो थर आपोआप विरून गेला असता. बाहेर आल्यावर मात्र रक्तदाब जरा वरखाली झाला की त्या फुटू शकतात. असा रक्तस्राव झालाच तर तो बहुधा पहिल्या तीन दिवसांतच होतो. कधी प्राणवायू कमी पडून किंवा जंतुसंसर्ग होऊन त्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दुखावतो. पायांकडे हुकूम नेणारे तंतू नेमके त्या काठालगतून जातात, म्हणून अशा मुलांचे पाय पुढे ताठर होण्याचा धोका जास्त.

हे पाहायचे कुठून? तर टाळूतून! आपल्या आज्या जिच्यावर तेल थापीत आल्या, ती मऊ टाळू म्हणजे कवटीतली एक खिडकीच आहे. तिथे सोनोग्राफीचे यंत्र अलगद टेकवले की आतले चित्र पडद्यावर दिसते. बाळाला पेटीतून काढावेही लागत नाही. पुढे चाळीस आठवडे भरायच्या सुमारास काही ठिकाणी एमआरआय काढतात. त्याच्या त्या धडधडत्या बोगद्यात एवढेसे मूल कसे राहील, असे मला वाटले होते. पण उपाय ऐकून हसू आले. बाळाला पोटभर दूध पाजायचे, दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, कानांवर काहीतरी झाकायचे, की ते गाढ झोपते. सारे विज्ञान शेवटी दुपट्याला शरण!

पण या सर्वांहून मला नवल वाटले ते तिसऱ्या रीतीचे. तीत यंत्र जवळजवळ नाहीच. हाइन्झ प्रेख्टल नावाचे एक ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ होऊन गेले. ते १९२७ साली जन्मले, २०१४ साली वारले. हॉलंडातल्या ग्रोनिंगन येथे आणि नंतर ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे त्यांनी काम केले. त्यांनी काय केले? तर त्यांनी बाळांकडे पाहिले. मुलाला हात लावायचा नाही, खुळखुळा दाखवायचा नाही, तोंडात काही द्यायचे नाही. जागे आणि शांत असताना उताणे ठेवायचे आणि तीनपाच मिनिटे त्याच्या हातपाय हलवण्याचे चित्रण करायचे. पहिल्या आठवड्यांत बाळ सर्वांगाने आळोखेपिळोखे देते. पूर्ण दिवसांचा हिशेब धरून दोनअडीच महिने झाले की ते आळोखे मागे पडतात आणि एक बारीक चुळबूळ सुरू होते: मान, खांदे, मनगटे, घोटे सारे नाना दिशांनी, न थांबता, एखाद्या नाजूक नाचासारखे हलत राहते. साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात ती दिसायला हवी. ती दिसली तर मज्जासंस्थेचे बहुधा ठीक आहे. दिसलीच नाही, किंवा आधीचे आळोखे आखडलेले, सारे अवयव एकदम ताठून एकदम सुटणारे असे असले, तर काळजी करायला हवी.

‘यात काय मोठे? आम्हीही पाळण्याकडे बघतच होतो,’ असे आपली आजी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण आजीने बघितलेले मोजून ठेवले नाही. प्रेख्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ठेवले. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी १३० बाळांचा हिशेब मांडला, त्यांत अपुऱ्या दिवसांचीही होती आणि पूर्ण दिवसांचीही. सत्तर बाळांची चुळबूळ ठीक होती. त्यांतली ६७ पुढे निकोप निघाली. साठांची बिघडलेली होती किंवा नव्हतीच. त्यांतल्या ५७ जणांमध्ये पुढे मज्जासंस्थेचा दोष दिसला. टाळूतून घेतलेल्या चित्रांपेक्षाही नुसत्या नजरेचा अंदाज सरस ठरला. पूर्वी मूल वर्षदोन वर्षांचे होईपर्यंत ‘बघू या’ म्हणत थांबावे लागे. आता एमआरआय, ही चुळबूळ आणि डॉक्टरांची बारकाईची तपासणी यांचा मेळ घातला तर, दिवसांची तूट वजा करून मोजलेल्या वयाच्या पाचव्या महिन्याआतच पुष्कळांच्या बाबतीत सांगता येते, असे जगातल्या जाणकारांनी २०१७ साली एकत्र येऊन लिहिले.

वाचक हो, इथेच माझा प्रश्न सुरू होतो. त्या हिशेबाकडे पुन्हा एकदा पाहा. सत्तरांत तीन आणि साठांत तीन. शास्त्राच्या दृष्टीने ही चूक इतकी थोडी की तिचे कौतुकच व्हावे. पण मी कादंबरी लिहिणारी. मला त्या सहा घरांची दारे दिसतात. तीन घरांत ‘सारे ठीक आहे’ असे कळून पेढे वाटले गेले असतील, आणि पुढे मूल उभे राहीना. आणि तीन घरांत आईने रात्री जागून डोळे सुजवले असतील ते ज्याचे पुढे काहीच बिघडले नाही अशा मुलासाठी. या सहा घरांना आपण काय उत्तर देणार?

शिवाय चित्रांची भाषा तर याहून संदिग्ध. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथल्या १६७ फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे एमआरआय पाहून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागात मध्यम ते तीव्र दोष होते, त्यांच्या वाट्याला दुसऱ्या वर्षापर्यंत अडचणी येण्याचा धोका पुष्कळच अधिक होता. तरीही प्रत्येकाला त्या आल्या असे नव्हे, आणि चित्र चांगले असलेली सारीच त्यांतून सुटली असेही नव्हे. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली अशा प्रत्येक बाळाचा एमआरआय सरसकट काढू नये असा सल्ला दिला. ज्या लेखाचे निम्मे शब्द पुसट आहेत तो मोठ्याने वाचावा का, ही त्यामागची शंका.

आणि आपल्याकडे तर पाहण्याला भिण्याचे आणखीही एक कारण आहे. ज्या सोनोग्राफीने टाळूतून मेंदू दिसतो, तिनेच पोटातली मुलगी दिसते. ते दिसल्यावर आपण काय केले हे सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्राला १९८८ साली त्यासाठी कायदा करावा लागला. मग १९९४ साली साऱ्या देशासाठी झाला. तेव्हा ‘आधी कळलेले नेहमी भल्यासाठीच वापरले जाते’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्या समाजाला नाही. ‘मूल मंद निघणार’ असे कोणी पुटपुटले की पेटीचा रोजचा खर्च एकाएकी डोळ्यांत खुपू लागतो. आणि ते मूल मुलगी असेल तर अधिकच. डॉक्टर सांगायला कचरतात त्यामागे ही भीतीही असते. ती वेडगळ नाही.

हा प्रश्न माझ्या दारी आला तो असा. माझ्या बहिणीच्या लेकीला एकोणतिसाव्या आठवड्यात मुलगा झाला. वजन अकराशे ग्रॅम. चौथ्या दिवशी टाळूतून काढलेल्या चित्रात एका बाजूला रक्तस्राव दिसला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी जावईबापूंना व्हरांड्यात बाजूला घेतले, सारे सांगितले, आणि म्हणाले, ‘बाळंतिणीला इतक्यात कळू देऊ नका.’ जावयांनी ते आपल्या आईला सांगितले, विहीणबाईंनी माझ्या बहिणीला, बहिणीने मला. दोन दिवसांत ही गोष्ट अकरा माणसांना माहीत होती. फक्त ज्या बाईने मूल जन्माला घातले तिला तेवढी नव्हती! ती रोज दूध काढून वाटीत देत होती आणि आल्यागेल्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. विहीणबाईंचे म्हणणे असे की, ‘तिला कळले तर दूध आटेल.’ बहिणीच्या मनात याहून खोल भीती होती. ती मला म्हणाली, ‘ताई, तिला कळलं नि तिचा जीव त्याच्यावरून उडाला तर?’

मी भाचीला सांगितले. डॉक्टरांना आधी विचारले, ते तयार झाले, आणि त्यांच्यासमोर, जावईबापूंना जवळ बसवून सांगितले. ती रडली. मग तिने डोळे पुसून पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘मावशी, मग मी काय करायचं?’ ‘असं माझ्याच नशिबी का?’ हे ती पुढे कधीतरी म्हणाली असेल. पण पहिला शब्द ‘करायचं’ हा होता.

त्या प्रश्नात मला माझे उत्तर सापडले असे वाटते. भविष्य दोन तऱ्हेचे असते. एक पत्रिकेतले. पत्रिकेत मंगळ असला तर माणूस काय करणार? शांत करील, आणि वाट पाहील. ते भविष्य माणसाला बसवून ठेवते. दुसरे शेतकऱ्याच्या आभाळाचे. ढग पाहून तो म्हणतो, ‘आज येईलसं दिसतं,’ आणि खळ्यावरचे धान्य झाकायला धावतो. पाऊस न आला तर थोडी धावपळ फुकट गेली. आला तर धान्य वाचले. त्याचा अंदाज दहांतून दोनदा चुकला म्हणून तो आभाळाकडे बघणे सोडीत नाही. बाळाची चुळबूळ पाहणे हे या दुसऱ्या जातीचे आहे, आणि ते तसेच राहिले पाहिजे. ज्या क्षणी आपण त्याला सटवीचा लेख समजू, त्या क्षणी तेच शास्त्र शाप होईल.

या कसोटीवर त्या सहा घरांकडे पुन्हा पाहू. ज्या तीन घरांना उगीच इशारा मिळाला, तेथे आईने काय केले असेल? बाळाला पोटावर निजवून मान उचलायला लावली असेल, दोन्ही हातांनी खेळणे धरायला शिकवले असेल, महिन्याच्या महिन्याला दाखवायला नेले असेल. यात मुलाचे नुकसान काहीच नाही. नुकसान झाले ते आईच्या झोपेचे. आणि ते खोटे नाही. पण इशारा कोणत्या शब्दांत दिला यावर ते पुष्कळसे अवलंबून आहे. ‘तुमचा मुलगा अपंग होणार’ हे एक वाक्य, आणि ‘धोका आहे, म्हणून आजपासून हे हे करू, आणि अमुक महिन्यात पुन्हा पाहू’ हे दुसरे. इंग्लंडमध्ये ५११ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली छापून आला. प्रत्येक बाळाची सोनोग्राफीही केली आणि एमआरआयही. पण कोणत्या घराला कोणत्या चित्रावरून सांगायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. एमआरआयवरून ऐकलेल्या मातांची चिंता किंचित कमी भरली. फरक थोडाच; पण अधिक बारकाईचे चित्र दाखवून बोलल्याने माता कोसळून पडतात, ही भीती तेथे खरी ठरली नाही. अज्ञानात सुख असते असे म्हणतात. माझ्या भाचीच्या चेहऱ्यावर त्या दोन दिवसांत मला ते कुठे दिसले नव्हते.

आता याच कसोटीची दुसरी, बोचरी बाजू. पाहण्याचा अधिकार मिळतो तो पुढे उभे राहण्याच्या तयारीतून. इशारा देऊन जो माणूस हात झटकतो त्याने इशारा दिला नाही, नुसता घोर लावला. आपल्या देशात २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचा प्रारंभ आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असावीत ही त्यातली योजना. योजना उत्तमच. पण आठवड्यातून दोनदा मूल कडेवर घेऊन एस.टी.ने तालुका ओलांडायचा म्हणजे रोजंदारीच्या बाईचे दोन खाडे. तिला आपण ‘धोका आहे’ एवढेच सांगितले आणि तिकीट, खाडा, घरातल्या थोरल्या मुलाची सोय यांतले काहीच पाहिले नाही, तर तिच्या हाती आपण काय दिले? याचा अर्थ तिला सांगू नये असा मी काढत नाही. गरीब आईला कमी सत्य पुरते असे म्हणणे म्हणजे तिचा दुहेरी अपमान. याचा अर्थ एवढाच की सांगणे ही कामाची सुरुवात आहे, आणि ते काम एकट्या डॉक्टरचे नाही. ते सासरचे आहे, शेजारचे आहे, अंगणवाडीचे आहे, आणि माझ्यासारख्या शिक्षिकेचेही आहे.

भाचीचा मुलगा आता चार वर्षांचा आहे. चौथ्या महिन्यात त्याची ती चुळबूळ दिसली नाही. तेव्हापासून त्याच्या उजव्या हाताला काम देण्याचा सराव घरात सुरू झाला. डाव्या हाताने तो भराभर घेई, म्हणून आजोबा खेळणे मुद्दाम उजवीकडे धरीत. विहीणबाई घास उजव्या हातात देत. तो आज चालतो, उजवा पाय थोडा ओढून चालतो, पायात पट्टीचा बूट असतो. लवकर कळल्यामुळेच तो चालला असे मी म्हणणार नाही. सराव न करता तो कसा झाला असता हे कोणी दाखवू शकत नाही. एवढे मात्र डोळ्यांनी पाहिले की त्या घराने चार वर्षे वाट पाहण्यात घालवली नाहीत. आणि बहिणीची ती भीती? जीव उडायचा कशाने? त्याला पहिल्यांदा उजव्या मुठीत चमचा धरता आला त्या दिवशी त्या घरात शिरा झाला होता.

बालवाडीत वर्षानुवर्षे मुले येतात. ज्यांच्या कपाळी काहीच अशुभ वाचले गेले नव्हते अशीही कोमेजताना मी पाहिली आहेत, घरातल्या भांडणाने, उपासमारीने, नाही तर कोणी दोन शब्द बोलले नाही म्हणून. चुळबुळीचे चित्रण स्नायूंचे बरेच सांगते. ते मूल पुढे हट्टी होईल की प्रेमळ, गोष्टी सांगेल की गणिते सोडवील, हे ते सांगत नाही. त्या बाबतीत प्रत्येक बाळाचा कागद अजून कोराच आहे. त्यावर लिहिणारे हात मात्र सटवीचे नसून आपले आहेत, हे कळायला कोणत्याही यंत्राची गरज नाही.

म्हणून माझे मत सांगते. पाहावे, आईला लपवून नव्हे, आईला आधी सांगावे, सांगताना किती खात्री आणि किती शंका हे दोन्ही सांगावे, आणि सांगणाऱ्याने पुढचे काम हाती देऊनच उठावे. ज्यांना हे पटणार नाही त्यांच्याशी माझे भांडण नाही, विहीणबाईंशीही नव्हते. त्यांची माया खरी होती, फक्त तिला वाट हवी होती.

या दिवाळीत फराळाला जाल तेव्हा एखाद्या घरात असे लवकर आलेले मूल असेल. त्याच्या आईला ‘अजून बसत कसं नाही?’ असे विचारू नका. त्याच्या महिन्यांचा हिशेब तिच्याइतका कोणी ठेवलेला नसतो. चतईवर बसा, बाळाला समोर उताणे घ्या, आणि पाच मिनिटे नुसते त्याच्याकडे बघा. मग तिला म्हणा, ‘तू जरा पड, तोवर मी आहे याच्यापाशी.’ चकली नंतर खाल्ली तरी चालेल.